मझार कोण आहे?

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून २७ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा कोर्स, करून ती जळगावला एका लॅबमध्ये नोकरी करते. वडील गावात शिंपीकाम करायचे, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. उरला एकच शब्द, आणि तो म्हणजे एक घाणेरडी शिवी. ज्या माणसाच्या तोंडून ३५ वर्षांच्या संसारात बायकोने 'अगं' च्या पुढे कधी काही ऐकलं नाही, तो आता पाणी मागायलाही तीच शिवी देतो आणि नातू मांडीवर आला तरी तीच. संध्याकाळी शेजारच्या मंदिरात भजन सुरू झालं की मात्र त्यांना सबंध ओळी म्हणता येतात. भाऊ म्हणतो, हे बाहेरचं आहे, भगताकडे नेऊ. माय रोज रात्री दिवा मालवल्यावर मुलीला फोनवर एकच प्रश्न विचारते: "आते तुना नाना मझार शे का व माय?" म्हणजे, आता तुझे नाना आत आहेत का गं? मुलगी "शे", आहेत, म्हणते, आणि खोटं बोलल्यासारखं वाटून रात्रभर जागी राहते.

पुढे ती लिहिते: "लॅबमध्ये मी रोज बघते. रक्तातलं सोडियम ११८ वर आलेला म्हातारा पोटच्या पोराला ओळखत नाही. सलाईन लागून ते १३५ झालं की तोच उठून चहा मागतो. मग माणूस म्हणजे काय, नुसतं मीठ-पाणी? गुठळी एवढीशी, आणि नाना गेले. प्रेमसुद्धा रसायनच असेल, तर दर शनिवारी एसटीनं मी कोणाला भेटायला जाते? मावशी, मी मायला खरं सांगू की हे खोटं चालू ठेवू?"

---

तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला एकेरीतच लिहिते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा थांबले ती तुझ्या प्रश्नापाशी नाही. सही करून झाल्यावर खाली तू दोन ओळी जोडल्या आहेस, तिथे थांबले. "परवा नानांना पांघरायला गोधडी दिली. तिची एका कडेची शिवण उसवली होती. त्यांनी डाव्या हाताच्या चिमटीत तो सुटा दोरा धरला, जरासा ओढून पाहिला, माझ्याकडे बघितलं आणि जिभेने चक् केलं. बाकी काही विशेष नाही." या 'बाकी काही विशेष नाही'वर मी पुन्हा येणार आहे. आधी त्या शिवीचं बघू, कारण तुझ्या मायचा जीव तिच्यात अडकलाय.

मायच्या मनात काय चाललं असेल, ते तू लिहिलेलं नाहीस, पण मला दिसतं. इतकी वर्षं या माणसाच्या पोटात हेच होतं का? वरचा सभ्यपणा गळून पडला आणि खरा माणूस बाहेर आला का? बायकोला यापेक्षा जिव्हारी लागणारं दुसरं काही नसेल. आणि हे साफ चुकीचं आहे. मनातलं बाहेर येतं म्हणून अशी शिवी येत नाही.

पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाने लबोर्न्य नावाचा एक रुग्ण तपासला. त्याची वाचा जाऊन २१ वर्षं झाली होती. काहीही विचारलं की तो 'टां' एवढंच म्हणायचा, आणि फार चिडला तर एक शिवी हासडायचा. त्याचीही उजवी बाजू लुळी पडलेली होती. ब्रोकाने विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र आपली परीक्षा घेतात हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती शिवी घातली. थोड्याच दिवसांत तो गेला. मेंदू बाहेर काढून पाहिला तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली, आणि वाक्य जुळवून बोलण्याचं काम तिथे चालतं हे जगाला कळलं. पुस्तकातून शिकताना आपण फक्त तेवढं लक्षात ठेवतो. मला मात्र तो चार वेळा उघडलेला पंजा विसरता येत नाही.

नवं वाक्य जुळवायला मेंदूचा तो भाग लागतो. पण काही बोलणं तयार, घडीव असतं: शिव्या, एक-दोन-तीन-चार, तोंडपाठ प्रार्थना, गाणी. ते बहुतेक दुसऱ्या वाटेने येतं, त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हात असतो. म्हणून वाचा गेलेल्या अनेकांना साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण शिवी देता येते आणि भजनही म्हणता येतं. मायला नेमकं हे सांग: शिवी आणि भजन, दोन्ही एकाच कोनाड्यातून येतात. शिवी नानांनी जन्मभर बाजारात ऐकली असेल, दिली नसेल. आज हाताला तेवढीच लागते, तर तिनेच पाणी मागतात, तिनेच नातवाचं कौतुक करतात. शब्दाकडे कान देऊ नका, सुराकडे द्या. पाणी मागतानाचा सूर आणि नातू आल्यावरचा सूर वेगळा आहे की नाही, हे माय दोन दिवसांत सांगेल. ३५ वर्षांचा कान आहे तिचा.

आता तुझा प्रश्न. त्यात दोन शब्द आहेत आणि मला दोन्ही तपासून बघायचे आहेत. एक तुझा, 'नुसतं'. दुसरा मायचा, 'मझार'.

सोडियमचं तू जे पाहिलंस ते खरं आहे, त्यातला कण मी नाकारणार नाही. मेंदूला इजा झाली की बोलणं बदलतं, आठवण बदलते, स्वभावसुद्धा बदलतो. जे याला नाही म्हणतात त्यांनी एकदा तुझ्या लॅबमध्ये येऊन बसावं. पण रिपोर्टवर तू सोडियम ११८ लिहितेस तेव्हा पुढे 'नुसतं' हा शब्द टाईप करतेस का? तो आकडा मशीनने दिला. 'नुसतं' तुझ्या दुःखाने दिलं, आणि तू दोन्ही एकाच रकान्यात भरलंस.

आपल्याकडे चार्वाकांनी हाच मुद्दा केव्हाच मांडला होता. पान, चुना, सुपारी यांपैकी एकातही लाल रंग नसतो, एकत्र चावलं की तोंड रंगतं. तशी जाणीव शरीरातून येते, वेगळा आत्मा कशाला, असं ते म्हणत. लोकांनी त्यांना नास्तिक म्हणून हिणवलं, पण दाखला नीट बघ. लाल रंग खोटा आहे असं चार्वाक कुठे म्हणाले? आपल्याकडचं भरीत घे. थंडीत शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सगळं साहित्य कागदावर लिहून कोणी म्हणालं, 'बघा, भरीत म्हणजे एवढंच', तर यादी बरोबर आहे. पण कळण्याच्या भाकरीबरोबर पहिला घास घेतलेल्या माणसाला विचार, 'एवढंच' बरोबर आहे का.

तुझं नानांवरचं प्रेम रक्तातून, नसांतून, मेंदूतून वाहतं. दुसऱ्या कशातून वाहणार होतं? जळगाव-अमळनेर एसटीत उभ्याने येणारे पाय तुझेच, आणि त्यांचं दुखणंही शरीराचंच. शरीराशिवायचं प्रेम मी आजवर पाहिलेलं नाही. शरीरातून येतं म्हणून ते हलकं ठरतं, हे गणित कोणी शिकवलं आपल्याला? मला वाटतं, लहानपणापासून ऐकलेल्या 'देह म्हणजे माती' या वाक्याने. विज्ञान शिकून तू आत्मा सोडलास, पण देहाला तुच्छ मानायची ती जुनी सवय तेवढी राहून गेली.

आता उलट बाजू, कारण भाऊ कधीतरी तुला व्हॉट्सअॅपवर '२१ ग्रॅम' पाठवेल. मरताना माणसाचं वजन तेवढं कमी होतं, तोच आत्मा, असं त्यात असतं. अमेरिकेत डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने १९०७ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला, तो फक्त सहा मरणासन्न रुग्णांवर. तो २१ ग्रॅमचा आकडा त्यांतल्या एकाचाच, बाकीच्यांचे एकमेकांशी जुळले नाहीत. इतक्या लंगड्या मोजणीवर आत्मा तोलणं हा मला आत्म्याचाच अपमान वाटतो.

मग विज्ञानाला सगळं उमगलंय का? तेही नाही. मेंदूच्या पेशी चमकतात आणि त्यातून 'मला दुखतंय' हे जाणवणं कसं येतं, हे अजून कोणालाही नीट सांगता आलेलं नाही. १९९८ मध्ये क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की २५ वर्षांत याचा मेंदूतला उलगडा होईल. २०२३ मध्ये त्याने जाहीरपणे हार मानली आणि ठरल्याप्रमाणे वाइनच्या बाटल्या दिल्या. याने आत्मा सिद्ध होत नाही. पण 'माणूस म्हणजे नुसतं मीठ-पाणी' हेही सिद्ध झालेलं नाही, आणि तू मात्र निकाल लागल्यासारखी रात्र रात्र जागते आहेस.

माय आत्मा मानते. तिच्याशी वाद घालायचा तुझा विचार असेल तर आधी एक ऐक. तुमच्याच अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. आत्मा म्हणजे काय, जाणीव म्हणजे काय, याचा अभ्यास करायला देशभरातून माणसं खानदेशात येत. आपल्या परंपरेतलं सांख्य दर्शन काय सांगतं? मन, बुद्धी, अहंकार ही सगळी प्रकृती, म्हणजे जडाचाच विस्तार. पुरुष त्यापलीकडचा, नुसता पाहणारा. म्हणजे त्या हिशेबानेही बोलणं, राग, शिवी हे प्रकृतीतलंच. गुठळीने प्रकृती बिघडली, एवढंच. तुझी लॅब आणि मायची श्रद्धा या एका मुद्द्यापुरती तरी एकाच बाकावर बसतात. तिचा आत्मा तिच्याकडून काढून घ्यायची गरज नाही. तुझ्याकडे तिला त्या बदल्यात द्यायला आज काही नाहीही.

आणि 'मझार'. हा शब्द मला जास्त अवघड वाटला. कणगीत धान्य असतं तसा माणूस शरीराच्या आत भरलेला असतो, आणि झाकण अडकलं म्हणून दिसत नाही, असं आपण धरून चालतो. माझं मत विचारशील तर मला तसं वाटत नाही. नानांचं शिंपीपण कुठे होतं? डोक्यात चिरून बघितलंस तर सापडणार नाही. हातात म्हणावं, तर कापड समोर नसताना हात नुसता हात. मापाला आलेला माणूस, खडूची रेघ, कैची, पायाखालचं मशीन, दिवाळीच्या आदल्या रात्री काजे-बटणं करत बसलेली माय, हे सगळं जमायचं तेव्हा ते घडायचं. माणूस मला असा घडताना दिसतो, आत साठवलेला दिसत नाही.

म्हणून ती गोधडी. त्या दिवशी तिघं जमले: उसवलेला दोरा, डावा हात आणि तू. उजवा हात कैची चालवायचा, पण कापड धरायचं काम जन्मभर डाव्याचंच होतं ना? त्याने शिवणीचा दोष ओळखला. नुसता ओळखला नाही, तुझ्याकडे बघितलं. दोऱ्याकडे बघून चक् केलं असतं तर मी म्हटलं असतं, हाताची सवय. त्यांनी ते तुला सांगितलं. घरात शिंपी असून गोधडी उसवलेली, हे बापाने लेकीला ऐकवलं, आणि तू लिहितेस बाकी काही विशेष नाही.

तेव्हा मायला "शे" म्हणतेस ते खोटं नाही. फक्त उत्तर देणारी तू नसावीस. तिला म्हण, मला नको विचारू, त्यांनाच विचार. अशा प्रकारात बोलता येत नसलं तरी बऱ्याच जणांना समजतं बरंच. किती समजतं ते घरीच ताडून बघता येईल: उत्तर पक्कं माहीत असलेले प्रश्न विचारा. "तुम्ही शिंपी ना?" "आज पोळा आहे का?" 'हो'ला हात दाबायचा, 'नाही'ला सोडायचा. हो-नाहीत गोंधळ झाला तर चित्रं दाखवा, वस्तू दाखवा. एका वेळी एक प्रश्न, छोटं वाक्य, टीव्ही बंद. विचारून झाल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा, त्यांच्या तोंडचा शब्द ओढून घेऊ नका. भजनाच्या वेळी त्यांच्याबरोबर म्हणा. सुरातून शब्दांकडे नेण्याची एक उपचारपद्धतीच आहे, १९७० च्या दशकापासून वापरात असलेली. स्पीच थेरपिस्ट अजून गाठला नसेल तर गाठा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, तिथे चौकशी कर. आठ महिने झाले म्हणजे वेळ गेली, असं नाही.

आणि एक गोष्ट आजच बंद करा. ओट्यावर नातेवाईक जमतात आणि नानांच्या खाटेशेजारी बसून म्हणतात, "आता काय राहिलंय त्यांच्यात." असं घडत असणार, प्रत्येक घरी घडतं. तो माणूस ऐकत असण्याची दाट शक्यता आहे आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे एक शिवी आहे. दिली तर राग मानू नका.

झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. जेवण सुटलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, तर 'आता असंच चालायचं' म्हणू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे. अचानक बरळायला लागले, गुंगीत गेले, तर लगेच तपासणी. सोडियम तुला मी काय सांगू.

भावाचं काय करायचं? त्याला मूर्ख ठरवू नकोस. धाकट्याने बापाची शिवी रोज ऐकायची आणि कारण कोणी सांगायचं नाही, मग तो भूत शोधणारच. त्याला समोर बसवून शिवी आणि भजनाच्या कोनाड्याचं सांग, डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यालाच ने. देवाला नवस बोलायचा असेल तर बोलू दे. पण कोणी मारहाण करणार, धूर देणार, औषध बंद करायला सांगणार, तिथे पाऊल टाकायचं नाही. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. अघोरी उपचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाही आहे, हे त्याला शांतपणे सांग, धमकी म्हणून नको.

मायला आठवड्यातून एक दुपार घराबाहेर जाऊ दे, बहिणीकडे, बाजारात, कुठेही. तू स्वतः रात्री जागत असशील तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोल. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

हे वाचणाऱ्या आणखी काही घरांत वाचा नाही, आठवणच गेलेली असेल. आई लेकीलाच 'तुम्ही कोण?' विचारते. त्या घरांना मी 'माणूस तोच आहे' असं झटकन म्हणणार नाही. तिथे खरोखर काहीतरी जातं, थोडं थोडं जातं, आणि माणूस समोर असताना त्याच्यासाठी रडायला लागतं. ते रडू खोटं नाही, त्याची लाज वाटू देऊ नका. पण तिथेही मी आधी हात बघीन: भाकरी थापायला पीठ दिलं तर काय होतं, निवडायला तांदूळ दिले तर काय होतं.

आणि तू, येत्या शनिवारी येशील तेव्हा ती गोधडी, सुई-दोरा आणि नानांचं जुनं अंगुस्तान पेटीतून काढ. त्यांच्या डाव्या बाजूला बस. उसवलेली कड त्यांच्या चिमटीत दे, ते धरतील. टाके तू घाल. लहान, सारखे टाके घालता येत नसतील तर ते तुला कळवतीलच.